पाहुण्यांसाठी मांडलेलं घर

तिचं खरं नाव संस्थेच्या ओळखपत्रावर होतं आणि ते ओळखपत्र पिशवीच्या तळाशी. वस्तीत तिला सगळे हजेरीबाई म्हणत. समोर म्हणत, पाठीमागे म्हणत, लहान पोरं तर तोंडावर ओरडून म्हणत आणि पळून जात. सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की आयांची धांदल उडायची. कोणाची मुलगी अजून अंथरुणात, कोणाची धाकट्याला कडेवर घेऊन नळावर, कोणाची आईबरोबर कामावर निघालेली. हजेरीबाई दारात उभी राहायची आणि एवढंच विचारायची, "आज कुठे आहे आमची मुलगी?" त्यातल्या 'आमची'वर ती असा काही जोर द्यायची, की सख्ख्या आईलासुद्धा क्षणभर आपण परक्याची पोर पळवून आणल्यासारखं वाटायचं.

काम सांगायला सोपं. संस्था गरीब घरांतल्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च उचलायची, तो खर्च देणारे देणगीदार लांब कुठेतरी राहायचे, आणि या दोघांच्या मध्ये जे काही चिखलाचं, जिन्यांचं आणि कटकटीचं होतं ते सगळं हजेरीबाईच्या वाट्याला. मुलगी शाळेत जाते का ते बघायचं. जात नसेल तर बापाची समजूत घालायची, आजीशी भांडायचं. एका आजीने तर तिच्या अंगावर खरकटं पाणी ओतलं होतं. त्या आजीची नात पुढे नर्स झाली. आता आजी हजेरीबाईला लांबूनच हात करते, आणि पाण्याचा विषय दोघीही काढत नाहीत.

सुरुवातीला तिला या कामाचा जोश होता. आता उरली होती ती सवय. गुडघे बोलायला लागले होते. जोडीला एक तरुण कार्यकर्ती होती, तिला बरी नोकरी मिळाली आणि ती गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही, आणि नाल्यापलीकडची वस्तीही हजेरीबाईच्या गळ्यात पडली. "थोडे दिवस सांभाळून घ्या, ताई," असं मॅनेजरसाहेब म्हणाले होते. संस्थेतले थोडे दिवस किती लांबतात हे तिला चांगलं ठाऊक होतं.

या कामातली एक गोष्ट कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. देणगीदार अधूनमधून मुलींची घरं बघायला येत. ते यायच्या आधी हजेरीबाई त्या घरी एक चक्कर टाकायची. "उगाच काही मांडामांड करू नका हं," असं म्हणायची आणि म्हणता म्हणता खोलीभर नजर फिरवायची. हप्त्यावर घेतलेला टीव्ही असेल तर त्याच्यावर चादर पडायची. नवी गादी शेजारी जायची. मुलीच्या कानात काही चमकत असेल तर ते आईच्या डब्यात. यात खोटं काही नव्हतं, मुलींना गरज होतीच. पण नुसती गरज असून भागत नाही, ती दिसावी लागते, आणि बघायला येणाऱ्यांना वेळ थोडा असतो. ठेचा लागता लागता ती हे शिकली होती. तिला त्याचा अभिमान नव्हता आणि रोज लाज वाटण्याइतकी फुरसतही नव्हती. वस्तीतल्या बायका तर आता इतक्या तयार झाल्या होत्या, की ती दिसली की आपणहून टीव्हीवर चादर टाकायच्या.

नाल्यापलीकडच्या बायकांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं.

तिथे कोपऱ्यावरच्या खोलीत एक इस्त्रीवाली राहायची. तिचा नवरा रंगारी होता. एका उंच इमारतीला रंग देताना परांचीवरून पडला आणि गेला. मागे राहिली ही, हिची एक मुलगी आणि कोळशाची जड इस्त्री. मुलगी हुशार होती, पण जरा वेगळ्या तऱ्हेची. गणिताचं उत्तर आलं तरी तिला चैन पडायचं नाही. तेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही येतं का, हे ती बघत बसायची, आणि तोवर वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. वस्तीतली शाळा आठवीपर्यंतच होती, आणि पुढची परवडेल अशी शाळा जवळ नव्हती. पुढे शिकायचं तर दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात राहावं लागणार, आणि तो खर्च इस्त्रीवालीच्या आवाक्यातला नव्हता. मदत मिळाली तर मुलगी पुढे जाणार, नाहीतर आईशेजारी टेबलाशी उभी राहणार, इतका सरळ मामला होता. एक वयस्कर देणगीदार जोडपं तिचा सगळा खर्च उचलायला तयार झालं होतं. एकदा घर बघतो, म्हणाले, म्हणजे मनाला बरं वाटेल.

भेटीच्या आदल्या दिवशी हजेरीबाईचा गुडघा टम्म सुजला. नाल्यावरच्या पुलापर्यंत ती कशीबशी आली, पलीकडचा चढ बघितला आणि तिथेच थांबली. समोरून शिंप्याची बायको येत होती. "अहो, त्या इस्त्रीवालीला निरोप द्याल? म्हणावं, उद्या सकाळी तुझ्याकडे पाहुणे येणार आहेत. मोठी माणसं आहेत," असं तिला सांगून हजेरीबाई घरी परतली. मांडामांड न करण्याचं नेहमीचं ते वाक्य सांगायचं राहून गेलं. खरं तर राहिलं नाही. शिंप्याच्या बायकोजवळ तो असला निरोप कसा द्यायचा, हे त्या क्षणी सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत उभं राहायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देणगीदार नवराबायको, मॅनेजर आणि मागून लंगडत हजेरीबाई अशी वरात त्या दाराशी पोचली. हजेरीबाईने आत पाय टाकला आणि ती उंबऱ्यातच थबकली.

खोलीत सोफा होता. मोठा, लाल, भिंतीपासून जवळजवळ दारापर्यंत पोचलेला. इस्त्रीचं टेबल गायब होतं. भिंतीवर लंबकाचं घड्याळ टिकटिकत होतं. खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. कोपऱ्यात चक्क फ्रिज, आणि फ्रिजवर कागदी फुलं. इस्त्रीवालीने कोणाचे तरी ठेवणीतले कपडे घातले होते, ते तिला खांद्यात घट्ट होत होते. मुलगी चमचमत्या झग्यात सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, जणू जरा मागे टेकलं तर मालक येऊन सोफा घेऊन जाईल. मालक तर दारातच उभा होता. सगळी गल्ली दारात उभी होती, आणि ज्याची जी वस्तू तो तिच्याकडे कौतुकाने बघत होता. शिंप्याची नजर सोफ्यावरून हलत नव्हती.

"या ना, या, बसा," इस्त्रीवाली म्हणाली. देणगीदार बाई सोफ्यात बुडाल्या. फ्रिजमधून पाण्याची बाटली निघाली. फ्रिजची वायर मागे गुंडाळून ठेवलेली होती, कारण खोलीत विजेचं बटण म्हणजे दिव्याचं तेवढं एकच होतं. पण बाटली गार होती. कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याने बर्फ दिला होता.

"किती छान ठेवलंय हो तुम्ही घर!" देणगीदार बाई म्हणाल्या, अगदी मनापासून. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. त्यांच्या यजमानांनी मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? मुलगी म्हणाली, "अजून ठरवलं नाही. आधी नववीचं पुस्तक बघते." यजमान खो खो हसले आणि दारातली गल्लीही हसली.

आत्ता सांगून टाकावं, असं हजेरीबाईला वाटलं. एका वाक्याचं काम होतं. तिने इस्त्रीवालीकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून त्या दाराशी माणसं आली ती एकतर सांत्वनाला किंवा गाठोडं टाकायला. आज पहिल्यांदा कोणीतरी पाहुणं म्हणून आलं होतं, आणि त्यांना बसायला जागा होती, प्यायला गार पाणी होतं. बाईचा चेहरा नुसता फुलला होता. तिच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत, यातलं काहीच हिचं नाही असं सांगायला हजेरीबाईची जीभ उचलली नाही. तिने पुढ्यातलं बिस्किट उचललं आणि खाल्लं.

मॅनेजरचं बोलावणं लगेच आलं.

"ते दोघं फार खूश झालेत, ताई," तो म्हणाला. "पण त्यांचं म्हणणं पडलं, की या घराला तशी निकड दिसत नाही. आपली मदत एखाद्या जास्त अडलेल्या मुलीला जावी. आता यात त्यांचं तरी काय चुकलं?"

"साहेब, ते सामान उसनं होतं."

मॅनेजरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तोही थकलेला होता. त्याच्या वयाला तो थकवा शोभत नव्हता. "सगळं?"

"पडदा तिचा असावा."

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

हजेरीबाई पिशवीचे बंद सारखे करू लागली. मॅनेजरनेही ताणून धरलं नाही. "माझा विश्वास आहे तुमच्यावर," तो म्हणाला. "पण त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. आता मी नुसतं तोंडी सांगितलं, तर आपणच काहीतरी लपवतोय असं वाटेल त्यांना. असं करा, रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढून आणा. आणि आईलाच बोलू दे, की सामान माझं नव्हतं. तिच्या तोंडून आलं की विषय संपला."

"तिच्या तोंडून?"

"दोन वाक्यं, ताई. वसतिगृहातली जागा मला फार दिवस धरून ठेवता येणार नाही."

घरी थोरली बहीण होती. जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबून ती आता खुर्चीत बसून राज्य करत होती. आक्काने संध्याकाळी मिठाच्या पाण्याचं भांडं पुढे सरकवलं, सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाली, "आधी कळलं असतं तर आपल्याही दोन उशा पाठवल्या असत्या."

"चेष्टा नको गं. माझ्या चुकीने पोरीचं नुकसान होतंय. मी गेले असते तर हे झालं नसतं."

"गेली असतीस तर काय सांगितलं असतंस?"

"नेहमीचंच."

"म्हणजे गरीब दिसा," आक्का म्हणाली. हजेरीबाई पाण्यात पाय हलवत राहिली. "सोडून दे आता हे. लोकांच्या पोरी शिकल्या आणि तुझे गुडघे गेले."

"सोडून करू काय?"

"बस माझ्यासमोर. दोघी भांडू."

हजेरीबाईला हसू आलं, पण ते हसूसुद्धा अर्ध्यातच दमलं. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे नीट लाज वाटून घेण्याइतकाही जीव अंगात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती तो चढ चढून गेली. सोफा गेला होता, टेबल परत आलं होतं. इस्त्रीवाली शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरवत होती आणि मुलगी शेजारी उभी राहून घड्या घालत होती. हजेरीबाईने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ऐकता ऐकता इस्त्री मध्येच थांबली. मग कापड करपेल म्हणून पुन्हा चालू लागली.

"पाहुणे येणार म्हणालात तुम्ही," इस्त्रीवाली म्हणाली.

"हो."

"मग पाहुण्यांना बसवायचं कुठे होतं? कोळशाच्या पोत्यावर?"

"तसं नाही गं."

"गल्लीतल्या माणसांनी ते सामान खांद्यावरून आणलं, बाई. शिंपीदादा त्या सोफ्यावर स्वतःच्या पोरांना बसू देत नाहीत. तरी दिला. का दिला? आमच्या दारी मोठी माणसं आली तर गल्लीची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि आता मी तुमच्या फोनपुढे उभी राहून सांगू, की ते सगळं सोंग होतं?"

"सोंग नको म्हणूस. उसनं होतं, एवढंच..."

"माझी पोर इस्त्री करील. मी नाही बोलणार. नाही म्हणजे नाही."

अशा वेळेसाठी हजेरीबाईजवळ एक भाषण होतं. दारुड्या बापांपासून खाष्ट आज्यांपर्यंत सगळ्यांवर ते चाललेलं होतं. मुलीचं भविष्य, तुमचं म्हातारपण, शिकलेल्या बाईचा संसार, सगळं त्यात होतं. तिने तोंड उघडलं आणि ते भाषण आलंच नाही. "चूक माझी आहे," एवढंच ती म्हणाली. "मी स्वतः यायला हवं होतं. पाय दुखत होता, म्हणून आले नाही."

इस्त्रीवालीने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "बसा तरी," ती म्हणाली. हजेरीबाई बसली. मुलगी मान खाली घालून घड्या घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

पुढे काय झालं ते हजेरीबाईला नंतर इस्त्रीवालीकडूनच कळलं. मुलीने हट्ट केला नाही, रडली नाही, आईला एका शब्दाने बोलली नाही. सकाळी उठून तिने निखारे फुलवले आणि आपणहून टेबलाशी उभी राहिली. दुपारी एक कारकून आपले शर्ट न्यायला आला. वरचा शर्ट उलटा-सुलटा करून बघत म्हणाला, "हे कोणी केलंय? पोरीने? वा! हात काय बसलाय! तुमच्यापेक्षा सफाई आहे." आणि मुलगी लाजून हसली. खरोखर खूश होऊन हसली. ते हसू इस्त्रीवाली बघतच राहिली. तिला याच वयात, अशाच एका टेबलाशी, कोणीतरी हेच म्हटलं होतं, आणि तीही अशीच हसली होती. त्यानंतर तिला शाळेचं कोणी विचारलं नाही, आणि तिनेही नाही.

इस्त्रीवाली स्वतः नाला ओलांडून हजेरीबाईला शोधत आली. "चला," ती म्हणाली. "काढा काय काढायचं ते."

खोलीच्या मधोमध ती उभी राहिली, हात सरळ खाली सोडून. मुलीला तिने पाण्याला पाठवलं होतं. हजेरीबाईने फोन धरला.

"सोफा शिंपीदादांचा," इस्त्रीवाली स्वच्छ आवाजात म्हणाली. "फ्रिज समोरच्या काकूंचा. घड्याळ गवंड्याच्या घरचं. माझ्या अंगावर होते ते कपडेसुद्धा शेजारणीचे. माझं म्हणजे हे टेबल आणि ही इस्त्री. पाहुणे येणार होते, म्हणून मी मागून आणलं. माझी मुलगी हुशार आहे, ते मात्र उसनं नाही." ती थांबली. "झालं?"

"झालं."

इस्त्रीवालीने खोलीभर नजर फिरवली. आजवर हजेरीबाई लोकांच्या खोल्यांतून फिरवायची, अगदी तशी. "हा पडदा माझा आहे," ती म्हणाली. "काढू का हा पण?"

नको म्हणायचं होतं. हजेरीबाईच्या ओठावर तेच होतं. पण फोनच्या काचेवर तिला तो पडदा दिसला, फुलाफुलांचा, नवा, आणि देणगीदार बाईंना तो कसा दिसेल हे तिच्या मनात येऊन गेलं. "असू दे," ती म्हणाली, पण जरा उशिरा म्हणाली. इस्त्रीवालीला तो उशीर कळला. तिने कोळशाच्या पोत्यावर चढून पडदा उतरवला, घडी घातली आणि म्हणाली, "घ्या आता पुन्हा."

काम झालं. "देणगीदार बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो," मॅनेजर फोनवर म्हणाला. "शाबास, ताई." हजेरीबाईने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण कामावरून उशिरा येणाऱ्या माणसासारखा, दाराशी चपला काढून गुपचूप आत आला आणि लगेच झोपला.

मुलीला वसतिगृहात पोचवायचं काम हजेरीबाईकडेच होतं. बसस्टँडवर मायलेकी आधीच येऊन थांबल्या होत्या. मुलीला पाहून हजेरीबाई चपापली. फिकट, विटका झगा, कोपरावर ठिगळ, आणि सगळा चुरगळलेला. या मुलीला आजवर कोणी चुरगळलेल्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. घरात खायला नसलं तरी तिच्या बाहीची घडी मोडलेली नसायची. सगळ्या वस्तीच्या सुरकुत्या काढणाऱ्या बाईने लेकीला असं धाडलं होतं.

इस्त्रीवाली तिला शेवटच्या सूचना देत होती. पाणी जपून पी, पैसे एका जागी ठेवू नकोस, या सूचनांच्याच सुरात ती म्हणाली, "शिंपीदादांनी शिवलेला नवा झगा पेटीत तळाला आहे. तिथे बाहेर काढू नकोस. कोणी विचारलं तर सांग, आमच्याकडे काही नाही म्हणून." मग तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, बस सुटेपर्यंतही न थांबता वळली आणि निघून गेली.

बस शहराबाहेर पडली. मुलगी खिडकीशी बसली होती. हजेरीबाई तिच्या चुरगळलेल्या बाहीकडे बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मध्ये गाडी थांबेल तेव्हा पेटी उघड," ती म्हणाली. "तो नवा झगा घालून टाक. पहिल्या दिवशी चांगलं जावं माणसाने."

"नको, बाई."

"अगं, मी सांगते ना."

"कोणी बघितलं तर?" मुलगी म्हणाली. लहान मुलाला समजावून सांगावं तशी ती शांतपणे म्हणाली, "एवढ्याने माझी जागा जायची. तुम्हाला तर माहीतच आहे."

हजेरीबाईला माहीत होतं. तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? आपण या पोरीला शाळेपर्यंत आणलं खरं, पण शाळेच्या आधीच हे शिकवून ठेवलं, असं तिच्या मनात आलं. शेजारी मुलगी बाहेरची शेतं बघत बसली होती. बघता बघता, नकळत, तिचा तळहात मांडीवरच्या झग्यावरून फिरू लागला. एक सुरकुती सरळ झाली, मग दुसरी. मध्येच तिच्या लक्षात आलं. तिने ते कापड मुठीत धरलं आणि चांगलं चुरगळून ठेवलं.